रोहिणीची आंबट माती

३ ऑगस्ट, सकाळी
आधी घरातल्यांची प्रकृती. बनुबाई, आमचं कुटुंब: गुडघे कुरकुरतात, तोंड ठणठणीत. मुलगा वैजनाथ: ॲसिडिटी तशीच. सूनबाई बरी. गाय बरी. नात रोहिणी नगरला पीएच.डी. करते, काळजीनं वाळलीय. मी फर्स्ट क्लास. आजपासून तंबाखू बंद.

त्याच दिवशी, दुपारी
रोहिणीचा फोन. आपल्याच वावरातली काळी माती ॲसिडात उकळून, धुऊन तिनं भुकटी केलीय. ती टाकली की वाया गेलेल्या तेलाचं डिझेल झटपट होतं म्हणे. बाटली रविवारी इथं विसरली. भुकटी किती आंबट ते मोजायचं, मशीनवर नंबर परवा. हुकला तर पुढचा थेट दिवाळीनंतर, तोवर प्रबंध अडकणार. आणून देतो म्हणालो. जिभेवर ठेवून मी इथूनच सांगितलं असतं. नको म्हणाली.

४ ऑगस्ट, संध्याकाळी
काचेची बाटली एसटीत टिकायची नाही. माझी तंबाखूची डबी घेतली. चुन्याच्या बाजूचं झाकण असं घट्ट की चुना कधी सुकला नाही. तीच बाजू बोटानं निपटली, धोतरानं पुसली, भुकटी भरली. विज्ञानाला असं डोकं लागतं. बनुबाई म्हणाली, "अवो, बाटलीच न्या की. पोरीनं उगं बाटलीत ठिवलं न्हाई." तिला केमिस्ट्री कळत नाही.
डबीच्या दुसऱ्या बाजूला थोडी तंबाखू राहू दिली. अडीअडचणीला.

५ ऑगस्ट, नगर
रोहिणी मशीनपाशी. दारातच तिथल्या बाटलीत भुकटी ओतून दिली. त्यांनी ती तापवली, मग पिरिडीन नावाची वाफ सोडली. वास कुजक्या मासळीचा. आंबटपणा असेल तिथं ही वाफ चिकटते. मग इन्फ्रारेड प्रकाश टाकला की पडद्यावर उंचवटे उठतात. जितके उंच, तितकी माती आंबट. मी जमलेल्या पोरांना म्हणालो, आता भंडारदऱ्याचे डोंगर बघा.
पडद्यावर कोपरगाव. सपाट.
रोहिणीच्या सरांना सांगितलं, मशीन तपासून घ्या, वावरात खोट नाही. टेन्शन आलं म्हणून पायरीवर बसून चिमूटभर मळली. डबीच्या कडेला चुना शिल्लक होता, नशीब.
रोहिणी बाहेर आली. माझ्या तळहातावरच्या चुन्याकडे बघत राहिली.
"आप्पा, भुकटी कशातून आणली?"
मी ऐटीत डबी दाखवली.
ती पायरीवर बसली. चुन्यानं आंबटपणा मारला म्हणाली, हळूच. ओरडली असती तर बरं झालं असतं.
बाटलीच्या तळाशी उरली असेल म्हणून घरी फोन लावला. बनुबाईनं बाटली घासून हिंग भरला होता.

६ ऑगस्ट
दोष निम्मा एसटीचा. इतका खडखडाट, मिसळणारच.

९ ऑगस्ट
दोष एसटीचा नाही. तंबाखू खरंच बंद, चुन्याकडे बघवत नाही. रोहिणीचा फोन नाही. शेवटी मेसेज पाठवला:
"रोहिणी, जेवतेस ना? वावरातली माती गोणीभर काढून ठेवलीय. बनुबाईनं भरली, मी हात लावलेला नाही. तू येऊन ने. रागात असलीस तरी लवकर कळव."