नऊ फुटांचं छप्पर

१७ जुलै २०१७, सोमवार

तक्रार नोंदवायची आहे. पण नोंदवू कुठे? तक्रारवही माझ्याच ताब्यात!

बाब गंभीर आहे. आमच्या कारखान्यात केबिनी बनतात. लोखंडी चौकट, पत्र्याच्या भिंती, पत्र्याचं छप्पर. ट्रकवर चढवा, पेडण्याला न्या, वास्कोला न्या, ठेवा तिथे ऑफिस तयार. 'पावसाचा थेंब आत येणार नाही' असं आमच्या जाहिरातीत छापलंय. ते वाक्य माझं. आणि ज्या केबिनीत बसून मी ते लिहिलं, त्याच केबिनीत, बरोबर माझ्या मेजावर, बरोबर चहाच्या कपात, दर अकरा सेकंदांनी एक थेंब पडतो. घड्याळ लावून मोजलंय. कप डावीकडे सरकवला तर थेंब डावीकडे. बसायची कदेल मागे ओढली तर टकलावर. एकावन्नाव्या वर्षी स्टोअरकीपरच्या नशिबी हा अभिषेक!

भिकाजी आला. दोडामार्गाकडचा. छपरावरची सगळी कामं त्याची – स्क्रू आवळायचे, सांधे बुजवायचे, क्रेन आली की चारी कोपऱ्यांच्या भोकांत साखळीचे आकडे अडकवायचे. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं, आपल्या जेवणाच्या डब्याचा एक खण रिकामा केला आणि थेंबाखाली ठेवला.

"ऱ्हवांदे हय. मी एकाच खणात जेवाण आणतंय. पण बायलेक कळता नये हां, बाब. तिच्या आवयशीन दिललो डबो तो. माका मारून टाकीत!"

टण्. टण्. टण्. आता थेंबाला आवाजही आला.

१९ जुलै

कपाट आवरलं. बारा बेल्ट. उंचावर काम करणाऱ्याने अंगात घालायचे, मागे दोर, दोराला आकडा. वास्कोच्या एका गिऱ्हाइकाने मागे फोटो मागितला होता, तेव्हा आणले. फोटो काढला, परत प्लास्टिकात घातले. तेव्हापासून दर सोमवारी वहीत 'बेल्ट मिळाला' आणि पुढे सही. बेल्ट जागचा हलत नाही, सही मात्र दर आठवड्याला हजर.

सगळा कंजूषपणाच नव्हे. बेल्ट घातला तरी अडकवणार कशाला? छपरावर नुसता सपाट पत्रा. आणि दोर सहा फुटी, वर झटका बसला की आणखी लांबतो. छप्पर नऊ फुटांवर. म्हणजे माणूस आधी जमिनीला लागणार, मग दोर ताणला जाणार! हे बेल्टबरोबर आलेल्या पत्रकात शेवटी बारीक अक्षरांत आहे. पत्रक शेवटपर्यंत वाचणारा कारखान्यात मी एकटा. वाचून केलं काय? हसलो.

२४ जुलै

सह्यांचा सोमवार. जे वर असतात त्यांच्या सह्या मीच ठोकतो. अकराच्या अकरा माणसांची अक्षरं मला येतात. शंभूची तर त्याच्यापेक्षा माझी चांगली येते.

त्याच शंभूचा पाय दुपारी छपरावरच्या शेवाळावरून सटकला. क्रेनची साखळी हाताला लागली म्हणून लोंबकळला. खाली सगळे खो खो हसले. शंभूही हसला. जेवताना त्याच्या हातातला पाव मात्र दोनदा खाली पडला.

भिकाजी तेवढा हसला नाही. भंगाराच्या ढिगाकडे बघत बसला होता.

१ ऑगस्ट

भिकाजीने आज एक वस्तू दाखवली. भंगारातले नळ कापून, जोडून केलेली. केबिनीच्या चारी कोपऱ्यांत साखळीची भोकं असतात ना, त्यांतच चार नळ उभे करायचे. मधे आडवे नळ, दोन दोन. छपराला चारी बाजूंनी कठडा! शिडीवर उभं राहूनच बसवायचा, मग वर जायचं. काम झालं की काढायचा, भोकं साखळीला मोकळी. बेल्ट नको, दोर नको.

अख्खा रविवार आणि आठवड्याच्या सगळ्या संध्याकाळी घातल्या म्हणे त्याने.

मालकांना, बाबाजीशेटना बोलावलं. सगळे जमले. शेट काही बोलणार एवढ्यात माझी जीभ सुटली –

"चवथी लवकर आली रे! भिकाजीने माटोळी बांधली! आता दोडकी टांगा, भोपळे टांगा, सुपाऱ्यांचे घड टांगा, आणि खाली शेटना बसवून आरती करा!"

गणपतीच्या डोक्यावर टांगतो ती चौकट खरंच दिसत होती. शेटच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसू. आणि शेट हसले की विषय संपला.

"पंदरा मिनटां चडोवपाक, पंदरा देंवोवपाक!" शेट म्हणाले, "चढवा-उतरवा, अर्धा तास गेला! वीस केबिनी पेडण्याला जायच्यात. माटोळी घरी बांध रे भिकाजी!"

भिकाजीही हसला. मग एकेक नळ सोडवून परत भंगारात नेऊन ठेवला. जाताना म्हणाला, "बाब, तुमी बोलतास मात्र बरा."

२ ऑगस्ट

माटोळीची कोटी साप्ताहिकातल्या माझ्या विनोदी सदरात घातली. संपादकांचा फोन – "झकास!"

१२ ऑगस्ट, शनिवार

पावसाने ताळ सोडलाय. आता थेंब नाही, धार. डबा भरून वाहिला आणि सह्यांची वही भिजली. भिकाजीवर ओरडलो. चार माणसांत.

"सोमवारी हे बंद झालं नाही तर डबा जप्त! बायकोला काय सांगायचं ते तू बघ!"

"सोमवारी सकाळी पयलां तांच करतंय, बाब."

१४ ऑगस्ट

साडेआठला सह्या घेत होतो. भिकाजीची ओळ रिकामी होती. मीच केली.

डोक्यावर त्याची पावलं वाजत होती. पावसाची भुरभुर. वरून आवाज आला, "बाब, थांबलो काय थेंब?"

मी वर बघून ओरडलो, "थांबला!"

पावलं मागे सरकली. एक. दोन. तिसरं वाजलं नाही.

१५ ऑगस्ट

झेंडा झाला. लाडू वाटले. बांबोळीच्या हॉस्पिटलातून शंभूचा फोन – भिकाजीचा मणका मोडलाय, कमरेखाली काही कळत नाही, पुढचं डॉक्टर सांगत नाहीत.

शेट म्हणाले, "नऊ फूट! नऊ फुटांवरून कोण पडतो? आमची पोरं माडावर चढतात!" मान डोलावणाऱ्यांत मीही होतो.

छपराला काठ असतो असं आपल्याला खालून वाटतं. वर चढून पाहिलं आज, सगळे गेल्यावर. शिडी धरून, मांजरासारखा. काठबीठ काही नाही. पत्रा असतो, आणि मग नसतो. पाठमोऱ्या माणसाला हे कळायचं कसं? सांध्यावर त्याच्या बोटाचा ठसा आहे. सांधा बुजवायच्या रबरासारख्या लगद्यात. अंगठा.

चाळीस वर्षांचा आहे. पोरगी बारावीला.

१७ ऑगस्ट

धो धो पाऊस. मेज कोरडं. चहा गरम. एक थेंब नाही.

डबा तिथेच आहे. अकरा सेकंद झाले की मान आपोआप वर जाते.

१८ ऑगस्ट

शेटनी वकील आणला होता. वही बघून वकील खूश. "चौदा तारखेला बेल्ट मिळाल्याची सही आहे. दिला होता, घातला नाही. चूक त्याची. मग मदत म्हणून काय द्यायचं ते मालकाच्या मर्जीवर."

सही सुरेख होती. भिकाजीला इतकी सुरेख कधीच आली नाही.

१९ ऑगस्ट

बांबोळीला गेलो. शेवंतीची फुलं नेली! फुलं! मूर्ख.

भिकाजी डोळे मिटून. शेजारी त्याची बायको चंद्रावती, स्टुलावर. तिने उठून स्टूल मला दिलं. बसवेना.

"तेंका बेल्ट दिललो म्हणतत. खरां?"

"वहीत आहे," मी म्हणालो.

"वहीत आसा तां माका शेटान सांगल्यानी. मी तुमका इचारतंय."

मी घड्याळ पाहिलं. म्हटलं, डिचोलीची बस चुकेल.

दाराशी पोचलो तर मागून भिकाजीचा आवाज, डोळे मिटलेलेच – "बाब, डबो आणलात?"

"विसरलो रे."

"आणा. हिका कळला आता."

चंद्रावती हसली. खरंच हसली. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं.

२१ ऑगस्ट, सोमवार

बुधवारी कारखान्याचे निरीक्षक येणार. शेटनी दार लावून घेतलं.

"शिवदास, वही दाखवायची. तोंड उघडायचं नाही."

"बरं."

"आणि एक बेल्ट जरा मळव. भिकाजीचा म्हणून. नवा कोरा दिसता कामा नये."

मळवला. अंगणातल्या चिखलात लोळवला, लोखंडाच्या बुक्क्याने घासला, पट्ट्याची शिवण थोडी उसवली. छान झाला. असली कामं मला जमतात. सुमार विनोद आणि खोट्या सह्या – बावीस वर्षांची नोकरी!

मग सह्या. दहाजण रांगेत आले. शंभूने सही केली, पेन ठेवलं आणि मेजावरच्या डब्याकडे बघत उभा राहिला. एरवी मी त्याला काहीतरी टोमणा मारला असता. तो वाट बघतोय असंही वाटलं. मी पेन उचलून पुढच्याला दिलं.

अकराव्या ओळीवर पेन आपसूक गेलं. उचललं. हात माझा, सवय वहीची.

२२ ऑगस्ट

डबा घरी आणला. घासला. तळाला पावसाच्या पाण्याचं पांढरं कडं बसलंय, राखेनेही जाईना.

आमच्या घरात चवथीची धांदल. बायको सुमंगला नेवऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या करंज्या, तळत होती. "कुणाचा डबा?"

सांगितलं. पहिल्यांदा सगळं सांगितलं. थेंब, सही, माटोळी, मळवलेला बेल्ट. माटोळीशी आल्यावर तिच्या हातातला झारा थांबला. "ते तुमच्या सदरात वाचून मी हसले होते," म्हणाली.

तिने झाऱ्याने कढईतली एक नेवरी उलटली.

मग ती: "नोकरी जाईल."

"हो."

"आपल्या दिनेशचं कॉलेज अजून दोन वर्षं आहे."

"हो."

ती आणखी काही बोलेल, रडेल, निदान ओरडेल म्हणून थांबलो. तिने कढईतल्या नेवऱ्या काढल्या, नव्या सोडल्या. "लोकांचा डबा रिकामा द्यायचा नाही हं," एवढंच.

म्हणजे काय करू? तिने सांगितलं नाही. बायका असं अर्ध्यावर सोडतात. की पुरुषच अर्धं ऐकतात?

सदर लिहायला बसलो. एक ओळ आली नाही. कोरा कागद खिशात घातला.

२३ ऑगस्ट

निरीक्षक आले. वही दाखवली. त्यांनी चहा घेतला नाही.

२४ ऑगस्ट, गुरुवार

उद्या चवथी. कपाटाची चावी काल शेटच्या मेजावर ठेवून आलो. त्यांनी मागायच्या आधीच.

डबा घेऊन बांबोळीला गेलो. तळाला कागदाची घडी – काल वहीबरोबर निरीक्षकांना लिहून दिलं त्याची झेरॉक्स. भिकाजीची चौदा तारखेची सही माझी आहे. बेल्ट कधीच कपाटाबाहेर गेले नाहीत. दाखवलेला बेल्ट मी मळवला आहे. तो माझ्या सांगण्यावरून माझ्याच डोक्यावरचं गळतं बंद करायला चढला होता. कठडा त्याने बांधला होता, थट्टा करून मी तो मोडायला लावला. नळ अजून भंगारात आहेत, बघून घ्यावेत. खाली माझी सही. माझी स्वतःची.

घडीवर केळीचं पान, पानावर सात नेवऱ्या.

भिकाजी झोपला होता. चंद्रावतीने डबा दोन्ही हातांनी घेतला. जड लागला असावा.

"रिकामो दिलात तरी चाललां असतां, बाब."

"नाही चालत," म्हटलं, आणि तिने झाकण उघडायच्या आत जिना उतरलो.