मागच्या बंपरवरची अँटेना

ताई,

"अँटेना जीपच्या टपावर मधोमध बसव रे, म्हणजे चहूकडे हाक जाईल." बाबांचं हे बोलणं सकाळपासून कानात घुमतंय.

आज जीप बाहेर काढू नकोस. किल्ली माझ्याकडे आहे. टपाला भोक पाडायचं मशीन आणायला गॅरेजवाल्या काकांकडे गेलोय.

सकाळी तू झोपली होतीस, तेव्हा काकूला घरच्या वायरलेसपाशी बसवलं आणि जीप टेकडीवर नेली. जीपचं तोंड घराकडे होतं तोवर काकू म्हणत होती, "हळू बोल मेल्या, कान फुटतील!" जीप वळवली, पाठ घराकडे झाली, आणि तिला एक अक्षर ऐकू गेलं नाही. तीनदा पाहिलं, तीनदा तेच. अँटेना मागच्या टोकाला असली की हाकेचा जोर गाडीच्या तोंडाकडे जातो, पाठीकडे जवळजवळ नाहीच.

बाबा दरीत अडकले आणि मदत पोचलीच नाही, त्या दुपारी जीपची पाठ घराकडेच होती. वायरलेसपाशी तू होतीस. "माझाच डोळा लागला असेल," असं म्हणत तू वर्षभर स्वतःला बोल लावतेयस.

तुझा डोळा लागला नव्हता, ताई. हाक आलीच नव्हती. आणि अँटेना मागे बाबांनी नाही बसवली. टपावर शेडच्या तुळईला घासेल म्हणून, ते नको म्हणत असताना, मी ती बंपरवर बसवली होती.