बोर्ड न वाचता

सोमवार, ३ नोव्हेंबर
आजपासून नवीन आयुष्य. (डायरी जुनी आहे, २०२२ची, कंपनीने दिलेली. वार खोडून लिहितोय.)
काल मोबाइलवर हिंदुरावांची मुलाखत बघितली. चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. आता एकाहत्तराव्या वर्षी कॉलेजची पोरं त्यांच्यावर फिदा. मी मात्र त्यांच्या कॅसेटच्या काळापासूनचा भक्त, हे नोंदवून ठेवतो. एवढं कसं फिरलात विचारलं, तर म्हणाले, एसटीचा बोर्ड वाचत नाय मी. जागा हाय का बघतो नि बसतो. गाव कंचं ते उतरल्यावर इचारतो.
काटा आला अंगावर. मी एकोणपन्नास वर्षं नुसते बोर्ड वाचतोय.
संकल्प : रोज एक धाडस.
नम्रताला सांगितलं. म्हणाली, धाडस राहू द्या, रत्नागिरीचं काय ते बोला. (बँकेने तिला प्रमोशनवर तिकडे टाकलंय. पंधराला निघायचं. मी व्हीआरएस घेऊन सोबत यावं, असं तिचं म्हणणं. कंपनीचा फॉर्म ड्रॉवरमध्ये आहे.) म्हटलं, बघू. बेफिकीर माणूस असा पटकन शब्द देत नसतो.

बुधवार, ५ नोव्हेंबर
धाडस क्र. १. ऑफिस सुटल्यावर बोर्ड न वाचता बसमध्ये चढलो. नंबर दिसला, त्याला माझा इलाज नाही. सगळे पाठ आहेत. वाघोलीचीच निघाली. नेहमीच्या स्टॉपला उतरलो, पण मनाने वेगळा होतो.
काल धाडस झालं नाही. डोकं जड होतं.

शनिवार, ८ नोव्हेंबर
क्लॅरिनेट घ्यायला नारायण पेठेत. पोचलो दीडला. दुकान एक ते चार बंद. अडीच तास पायरीवर बसलो. हेही धाडसच धरतो.
चारला मालक आले. विचारलं, क्लॅरिनेट दाखवता का? म्हणाले, वाजवायचंय की बघायचंय? बघायला बाहेर पाटीवर काढलंय. या लोकांना कलेची कदर नाही. क्लॅरिनेट पुसायचं मऊ फडकं घेऊन आलो. सुरुवात तर झाली.
नम्रताने फडकं बघितलं, घडी केली आणि परत माझ्या हातात दिलं. तिने अशी घडी केली की मला धास्ती वाटते.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
व्हीआरएसचा फॉर्म भरला! पेन्सिलने. सही सोडून. एचआरचा सूरज म्हणाला, पेन्सिल चालत नाही सर, आणि सोमवारी शेवटची तारीख. त्याला म्हटलं, तारखांच्या पलीकडे बघायला शीक. तो म्हणाला, ओके सर.
घरातले डबे निम्मे पॅक झालेत. हळदीचा डबा दोन भागांत केलाय तिने. एक तिचा, एक माझा. कशाला, विचारलं. म्हणाली, तुमचं काही ठरत नाही ना, म्हणून.
मला तिकडे जायचं आहे. हे इथे लिहून ठेवतो. तिच्याशिवाय या घरात मला चहाची साखरसुद्धा सापडणार नाही. पण भीती वाटते. (हे वाक्य नंतर खोडायचं.)

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
नम्रताने स्पष्टच सांगितलं. उद्या स्वारगेटहून आठची बस. दोन सीट काढल्यात. आलात तर आनंद आहे, नाही आलात तर परत विचारणार नाही.
मी म्हणालो, बघतो. पण ठरलंय! तिला आधी निघू द्यायचं आणि स्वारगेटला अचानक समोर उभं राहायचं. हिंदुराव थोडेच सांगून गेले असते? बॅग भरून पलंगाखाली लपवली. छत्री, थर्मामीटर, टॉर्च, जादा टॉर्च. फॉर्मवर पेनाने सही केली. पेन्सिलची अक्षरंही गिरवली.

शनिवार, १५ नोव्हेंबर
स. ५.४५
नम्रता निघाली. दारात जरा थांबली होती. मी झोपेचं सोंग छान वठवलं.

स. ६.२०
बसमध्ये आहे. खरं धाडस आता झालं. निघताना गॅस बघितला नाही! तेवीस वर्षं घराबाहेर पडताना मी गॅस तीनदा बघतो, नम्रता त्यावरून हसते. आज स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकलं नाही. मी मुक्त आहे.

स. ६.३५
तिने सकाळी चहा केला होता.

स. ६.४०
केला होता म्हणजे बंदही केला असणार.

स. ६.४४
असणार म्हणजे काय? शेजारचे कोंडीराम आजोबा रोज गॅलरीत विडी ओढतात.

स. ६.५०
उतरलो. ही माघार नव्हे. जबाबदार बेफिकिरी म्हणता येईल.

स. ७.३०
घरी. गॅस बंद. सिलिंडरसुद्धा बंद. शेगडीवर चिठ्ठी, तिच्या अक्षरात :
‘बॅग पलंगाखाली दिसली. गॅस बंद आहे, मी दोनदा बघितलाय. आता परत बघत बसू नका, निघा. खिडकीची सीट तुमची.’

स. ७.३४
नेहमीसारखा बघितला असता तर सव्वासहालाच वाचली असती.

स. ८.०५
वाघोलीच्या चौकात रिक्षात अडकलोय. फोन लावला. बस सुटली म्हणाली. मी म्हणालो, गॅस. ती म्हणाली, हो.

स. ११.००
घरी. पुढची बस आहे म्हणतात. बोर्ड बघून यायला हवं. सोमवारपर्यंत वेळ आहे.

सोमवार, १७ नोव्हेंबर
सूरजने फॉर्म मागितला. घरी विसरलो म्हणालो. खांद्यावरच्या बॅगेतच होता.
संध्याकाळी नम्रताचा फोन. खिडकीत कोण बसलं, विचारलं. साताऱ्यापर्यंत पिशवी ठेवली होती म्हणाली, मग एक बाई उभ्या होत्या, त्यांना दिली.
मी ठीक आहे म्हणालो. साखर सापडली. आता झोपायच्या आधी गॅस बघतो म्हणालो.
बघा, म्हणाली.