पाणी भरेपर्यंत

प्रिय चिऊ,

या नावानं तुला हाक मारायचा मला काही अधिकार नाही. पण तुझे बाबा तुझ्याबद्दल बोलताना हेच नाव घ्यायचे, आणि तुझं दुसरं नाव मी कधी विचारलंच नाही. त्या दिवशी गोदीवर तुला पाण्याचा ग्लास आणून देणारी, पिवळं जाकीट घातलेली बाई आठवते? ती मी. तू विचारलंस, "तुम्ही बाबांना ओळखत होता?" मी म्हटलं, "येता-जाता." ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं.

मी लॉकवर काम करते. गोदीच्या तोंडाशी दोन प्रचंड दरवाजे आहेत. त्यांच्या मधल्या जागेत जहाज येऊन थांबतं आणि मी पाणी भरून त्याला वर घेते, नाहीतर पाणी सोडून खाली समुद्राच्या पातळीला उतरवते. तुझ्या बाबांचा ड्रेजर गोदीतला गाळ पोटात भरून घ्यायचा, लांब समुद्रात नेऊन टाकायचा आणि रिकामा परत यायचा. प्रत्येक खेपेला वाट माझ्याच दारावरून. बाकीचे कप्तान वरच्या केबिनमधून हलत नसत. हे मात्र जहाज दोरांनी बांधून झालं की कठड्याशी येऊन उभे राहायचे. पहिल्यांदा तर मी त्यांच्यावर खेकसलेच होते, "दोर असा ढिला सोडायचा असेल तर घरी सोडा, इथे नको!" खालून उत्तर आलं, "घरी दोर धरायला कुणी नाही हो, बाई." पाणी भरत गेलं तसे ते हळूहळू वर आले, आणि समोरासमोर आल्यावर दोघांनाही हसू फुटलं.

आमचं सगळं असंच, पाणी भरेपर्यंतचं. एकदा गाळातून निघालेली चेपलेली किटली त्यांनी घासूनपुसून मला दिली आणि म्हणाले, "तुमच्या गोदीतला कचरा तुम्हालाच परत." बोलणं बहुतेक तुझंच असायचं. पहिल्या पगारातून तू घेतलेले बूट त्यांना चावायचे, तरी तेच घालायचे. तुझी दाढदुखी, रागाच्या भरात तू स्वतःच कापलेले केस, करपलेली भाजी 'झकास झालीय' म्हणून त्यांनी दोनदा वाढून घेतली तो किस्सा. तुझी आई गेली तेव्हा तू लहान होतीस, आणि घरात दुसरं कुणी आणू नका म्हणून त्यांच्या गळ्यात पडून रडली होतीस, हेही सांगितलं. म्हणून माझ्याबद्दल तुझ्याशी बोलायला ते धजत नव्हते. "जरा दमानं घेऊ," म्हणायचे. मी कधी मागे लागले नाही. माझा संसार केव्हाच मोडला होता, एकटीनं राहायची सवय होती. ती सवय त्यांनीच मोडली.

त्या दिवशी जहाजावरून मेटचा, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याचा, फोन लॉकच्या केबिनमध्ये मीच उचलला. "बाई, धक्क्यावर गाडी बोलवा. कप्तान गेले. गाळ टाकता टाकताच छातीत कळ आली." मी गाडी बोलावली. बाहेरचा दरवाजा उघडला, जहाज आत घेतलं, दरवाजा लावला. ओहोटी होती, डेक खूप खाली होता, आणि त्यावर ताडपत्रीखाली ते. वरून कुणीतरी ओरडलं, "भरा लवकर!" पण मी पाणी हळूहळूच भरलं. जहाज नेहमीसारखं वर येत गेलं, ते नेहमीसारखे माझ्यासमोर आले, आणि मेट म्हणाला, "बाई, दोर धरा." मी दोर धरला. माझ्या पाठीवर हात ठेवायचं कुणाला सुचायचं कारणच नव्हतं. मग तू आलीस. त्यांच्यासारखीच डाव्या पायावर किंचित भार देत चालत होतीस. जवळ घ्यावं असं फार वाटलं, पण कुठल्या नात्यानं घेणार? म्हणून पाणी आणलं.

आता मुद्द्याचं लिहिते. त्या शेवटच्या खेपेला जाताना, जहाज खाली उतरत असताना, त्यांनी मान वर करून सांगितलं, "चिऊला सगळं सांगितलं. रविवारी तिनं तुला जेवायला बोलावलंय." मी वाकून विचारलं, "काय म्हणाली ती?" त्यांनी तोंडाभोवती हात धरून काहीतरी उत्तर दिलं, हसत होते. पण दरवाजा उघडायला लागला होता, इंजिनाच्या आवाजात मला शब्द कळले नाहीत. तू मला ओळखलं नाहीस, तेव्हापासून मी त्याच विचारात आहे. कदाचित दुःखात तुझ्या लक्षात आलं नसेल. कदाचित त्यांचा धीरच झाला नसेल, आणि मला बरं वाटावं म्हणून ते बोलले असतील. मला तुझ्याकडून काहीही नको, त्यांची एखादी वस्तूसुद्धा नको. ते नाहीत हे ठाऊक असूनही त्या रविवारी मी तयार होऊन खुर्चीत बसून होते, संध्याकाळपर्यंत. मला खरंच कुणी बोलावलं होतं का, एवढंच कळव.

तुझीच (लिहू की नको कळेना, पण लिहिलं),
लॉकवरची