टिबुकली

रविवार, २० सप्टेंबर १९८७

किळस अजून उतरत नाही. सकाळी फुटाळा तलावाच्या काठावर आम्ही काही जण पाण्यातून निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्या काढत होतो. आत झेंडूचा काळा चिखल. एका पिशवीच्या बंदात टिबुकलीची मान अडकलेली. सगळे तिला बदक म्हणत होते. बदक नव्हे, टिबुकली. पक्षी मी स्वतः शिकलोय. बंद कापला, पण ती मान धरेना.

तेवढ्यात शेजारीच एका बाईंनी हात जोडून नवी पिशवी भिरकावली.

"काहून वं ताई? आम्ही काढून राहिलो अन् तुम्ही..."

"देवाची फुलं पायाखाली येऊ नये म्हणून गाठ मारली, भाऊ."

टिबुकली माझ्या हातातच गेली. मी ती तशीच त्यांच्यापुढे धरली. बाई पदर सावरत मागे सरल्या.

"दूर धरा गा, मी आंघोळ करून आली."