चार नळ्या

सोमवार, ३ तारीख. सकाळी ११.
तर आधी आली ती सुईवाली, रक्त काढणारी. खांद्याला पिशवी, पायात दणकट बूट. मागून चष्मेवाली मॅडम, तीन जिने चढून धापा टाकत. लेकाने आणि सूनबाईने रजा काढली होती म्हणून दार उघडलं, नाहीतर दिवसभर बाहेरून कुलूप. गेल्या साली मी बटणं आणायला गेले ती चार तासांनी परतले, तेव्हापासून. हरवले नव्हते. बस लांबची निघाली, एवढंच.

मॅडम म्हणाल्या, म्हातारपणावर आजवर अभ्यास झाले ते शिकल्यासवरल्या म्हाताऱ्यांवर. आता सगळ्या तऱ्हेचे हवेत. ‘आजी, तुमच्यासारख्या फार कमी मिळतात.’ चौथीत शाळा सोडली त्याचं आज चीज झालं. रक्तात, थुंकीत शरीर आपल्या खुणा ठेवतं म्हणे, त्यांना बायोमार्कर म्हणतात. सुईवालीने मुठीची ताकद मोजायला यंत्र दिलं. असं दाबलं की म्हणाली, ‘आजी, मोडाल हो!’

लेकाला तिथल्या तिथे विचारलं, रिपोर्ट चांगला आला तर किल्ली देशील? ‘देईन गं आई.’ पाहुण्यांसमोर म्हणाला. पक्कं.

दुपारी.
चपला पुसून ठेवल्या.

मंगळवार, ४. सकाळी ७.
चार नळ्या दिल्यात. एकीत उठल्याबरोबर थुंकायचं, दुसरीत अर्ध्या तासाने, तिसरीत दुपारी, चौथीत झोपताना. त्यातून मनावरचा ताण कळतो. मला मेलीला कसला ताण?

७.३५. चारही भरल्या. तोंडाला कोरड पडली, पण एका बैठकीत काम उरकण्यात माझा हात कोणी धरणार नाही. वेळा मात्र सांगितल्या तशाच लिहिल्या. अक्षर सुरेख आलंय.

बुधवार, ५.
लेक कामावर निघायच्या आत सुईवाली नळ्या घेऊन गेली. किल्ली मिळाली की आधी समोरच्या शिंपीणबाईकडे. मग बागेत. मग बघू.

शनिवार, १५.
दार ओढून पाहिलं. सहज. खिडकीतून शिंपीणबाईला हाक मारली. ओरडली, ‘आजी, खाली या की!’ म्हटलं, पुढच्या आठवड्यात नक्की, सध्या रिपोर्टच्या कामात आहे.

बुधवार, १९.
दोघी आल्या. मॅडमनी कागदावर रेघा दाखवल्या. इतरांची सकाळी वर, मग दिवसभर उतरत जाते. माझी उंचावरच, सरळ आडवी. मला वाटलं, पहिला नंबर! तर मॅडमचा आवाज एकदम मऊ. ‘आजी, तुमचा ताण रात्रीपर्यंत उतरतच नाही. घरात काही त्रास आहे का?’

सूनबाई रडायलाच लागली. लेक म्हणाला, आईला आता पूर्ण विश्रांती. जिना नको, गर्दी नको. किल्ली खिशात टाकली आणि बाल्कनीलाही कडी घातली.

खरं सांगणार होते. पण वेळा खोट्या म्हटलं तर अभ्यासाच्या यादीतून नाव जाईल. मग या दाराची बेल कोण वाजवणार?

मॅडम म्हणाल्या, परत तपासू. नव्या नळ्यांचं झाकण उघडलं की वेळ आपोआप नोंदली जाते. म्हणजे दिवसभर थांबून, वेळच्या वेळी थुंकायचं. बरंच झालं. खरी रेघ कशी झरझर उतरेल, बघाच.

आणि नाही उतरली तर?

छे. मी मजेत आहे.

नळ्या घेऊन येणार बुधवारी, २६ तारखेला, साडेदहाला. तशा म्हणाल्यात.