झऱ्यातलं तांब्याचं वेढं

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि हे सांगायचं मी तितकीच वर्षं टाळलं. पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच लिहायचं धाडस करते आहे.

आठवडाभर माझं कशात लक्ष नाही. परवा विद्यापीठात जाताना उतरायचं स्टेशन चुकलं, कोबेत इतकी वर्षं काढून. कारण बल्गेरियातून आलेली यंदाच्या उत्खननात सापडलेल्या वस्तूंची यादी. तिथे थ्रेशियन लोकांचं आरोग्याचं देवस्थान आम्ही खणतो. गरम पाण्याचा झरा आणि भोवती दगडी कुंड. दोन हजार वर्षांपूर्वी दुखणाईत माणसं यायची, पाण्यात काहीबाही वाहायची, देवाला साकडं घालायची. यादीतल्या एका ओळीवर आमचे सेन्सेई, म्हणजे इथले जपानी प्राध्यापक, भलतेच खूश होते: यंदा पुन्हा उपसलेल्या कुंडाच्या तळाशी, फटीत, तांब्याचं साधं वेढं, बहुधा नवसाचं. फोटो पाहिला आणि लगेच ओळखलं. ते माझं होतं. आईने उष्णतेवर म्हणून बोटात घातलेलं.

तापीकाठच्या तुमच्या उत्खननाच्या खड्ड्यात मी बोरं खात होते आणि एक बी खाली पडली, तो दिवस आठवतो? तुम्ही ओरडला नाहीत. हातात चाळणी दिलीत. "खड्ड्यात आपलं काही सोडायचं नाही. बीसुद्धा नाही. शोध." दुपारभर माती चाळून ती सापडली, तर तुम्ही तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. मी दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नव्हते, इतकी चिडले होते.

आणि तीच मी. अकरा वर्षांपूर्वी, त्याच बल्गेरियातल्या झऱ्यावर असताना, पुण्याहून फोन येतो की तुम्ही आयसीयूत आहात, डॉक्टर काही नीट सांगत नाहीत. कुंड तळापर्यंत साफ झालेलं आहे, सगळे जेवायला गेलेत, मी एकटी काठावर उभी आहे. पाणी पुन्हा झिरपायला लागलंय. वेढं बोटातून कधी निघालं ते मलाच कळत नाही. तुमचं नाव घेतलं आणि टाकलं. दुसऱ्या दिवशी वाकून काढता आलं असतं. नाही काढलं. आठवड्याने तुम्ही गेलात, तेव्हा कुंड भरलं होतं आणि मला त्या पाण्याचा संताप आला होता.

आज शेवटी सेन्सेईंच्या खोलीत गेले आणि वेढं माझं आहे, आजारी गुरूंसाठी टाकलं होतं, हे सांगून टाकलं.  त्यांनी नोंद खोडली, हळू आवाजात मला चांगलंच झापलं, पुढच्या वर्षी खणायला नेणार नाही म्हणाले. मी मान खाली घालून ऐकलं. चूक माझीच होती. दारापाशी पोचले तेव्हा त्यांनी विचारलं, "ते बरे झाले का?"

मी हो म्हटलं, सर.